मनालीच्या वाटेवरचे भाड्याचे स्नो सूट: मुलांच्या मापाने

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी यांना घेऊन आम्ही पुण्याहून मनालीला गेलो होतो. बर्फात खेळायला लाहौल खोऱ्यातल्या सिस्सू गावी जायच्या दिवशी, वाटेतल्या पलचान गावाच्या अलीकडे रस्त्यालगत ओळीने असलेल्या दुकानांपैकी एका दुकानातून आम्ही चौघांसाठी स्नो सूट आणि गमबूट भाड्याने घेतले. मोठ्यांच्या जोडाला ३०० रुपये व मुलांच्या जोडाला २५० रुपये असा दर ठरला. अनामत रक्कम मागितली नाही. फक्त आमच्या गाडीचा क्रमांक वहीत लिहून घेतला.

मोठ्यांच्या सुटांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. ते जाड होते, वापरून मऊ पडलेले होते आणि दिवस निभावण्यापुरते पुरेसे होते. मुलांच्या बाबतीत मात्र दुकानाची खरी परीक्षा झाली. मुलाच्या मापाचा सूट लगेच मिळाला, पण तीन वर्षांच्या मुलीसाठी काढलेला पहिला सूट इतका लांब होता की तिचे हात बाह्यांमध्येच हरवले. दुसऱ्याचे माप बरोबर होते, परंतु आत हात घातल्यावर गुडघ्यांपाशी अस्तर ओलसर लागले. आदल्या दिवशीचा सूट रात्रभर वाळला नव्हता, हे उघड होते. सांगितल्यावर दुकानातील बाईंनी कुरकूर न करता तिसरा सूट शेकोटीजवळून आणून दिला, बाह्या दुमडून मनगटाशी नाडीने बांधल्या आणि मुलीला बाकावर उभे करून चेनही स्वतःच लावली. सूट बाहेरून कोरडा दिसला तरी अस्तर चाचपल्याशिवाय घेऊ नये, हे आम्ही तिथे शिकलो.

तिथून अटल बोगदा पार करून सिस्सूला पोहोचायचे होते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा होण्यापूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे आणि बर्फ पडला की लाहौलचा रस्ता कित्येक महिने बंद राही. लहान मुलांना घेऊन सुरुवातीच्या हिवाळ्यात तिकडे जाण्याचा विचार आम्ही तेव्हा केला नसता. बोगद्यात दर १५० मीटरवर आपत्कालीन दूरध्वनी आहे. मुलाने ते मोजायला घेतले आणि तिसाच्या आसपास त्याचा हिशेब चुकला. सिस्सू समुद्रसपाटीपासून ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे मनालीपेक्षा सुमारे एक हजार मीटर उंच आहे. म्हणून मुलांना धावू न देता पहिला अर्धा तास आम्ही नुसतेच चालवले.

दोन दिवसांपूर्वीचा तो बर्फ भुरभुरीत होता. मुलांना चेंडू करायचे होते, पण पाक कमी पडलेल्या रव्याच्या लाडवासारखा तो मुठीतून गळून जात होता. कडक थंडीतल्या कोरड्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. दुपारी ऊन लागून त्यांना थोडे पाणी सुटले, तेव्हा कुठे गोळे वळू लागले आणि पहिला गोळा अर्थातच माझ्या मानेवर बसला. दोन तास मुले गुडघ्यांवर, पाठीवर, वाटेल तशी लोळली, तरी सुटाच्या आत पाणी शिरले नाही. एवढ्या एका कारणासाठी २५० रुपये मला स्वस्त वाटले, कारण घरच्या जीन्स व स्वेटरमध्ये हाच खेळ दहा मिनिटांत रडारडीवर आला असता.

हातमोज्यांना मात्र मी शून्य गुण देईन. जोडासोबत मिळालेले लोकरी मोजे पंधरा मिनिटांत भिजून जड झाले आणि मुलीचा अंगठा लालबुंद झाला. पाणी आत न जाणारे मुलांच्या मापाचे मोजे घरूनच विकत घेऊन न्यावेत, शक्य तर दोन जोड. गमबुटांनी ओल अडवली, पण रबर गार पडते. जाड पायमोजे आणि त्यांवर दुधाची धुतलेली पिशवी, ही माझ्या सासूबाईंनी फोनवरून सांगितलेली युक्ती उत्तम ठरली. काळा चष्माही न्यावा. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि मुलांचे डोळे तर सतत त्या बर्फाकडेच असतात.

सूट परत करताना मुलाच्या सुटाच्या खिशाजवळची चीर आमचीच, असे म्हणून ५०० रुपये मागण्यात आले. सकाळी काढलेल्या छायाचित्रात तीच चीर स्पष्ट दिसत होती, म्हणून विषय तिथेच मिटला. छायाचित्र चिरेसाठी काढलेले नव्हते. मुलगा निळ्या सुटात पेंग्विनसारखा दिसत होता म्हणून काढले होते. दुकानाला मी पाचपैकी साडेतीन तारे देतो: अर्धा त्या बाईंच्या नाडीसाठी, आणि वजा केलेला दीड हातमोजे व या मागणीसाठी.