किंगडम ऑफ लोदिंगची सुरुवात: सील क्लबर की पास्टामॅन्सर?

२००३ पासून ब्राउझरमध्ये चालणाऱ्या या काडीमाणसांच्या विनोदी खेळात चलन म्हणजे चक्क मांस! पात्रांचे वर्ग सहा, पण नवख्यासमोर मी दोनच ठेवीन.

सील क्लबर बळावर चालतो. सोटा उचला, हाणा, पुढे चला. टॅव्हर्नच्या तळघरातले उंदीर मारायला फार डोकं लागत नाही.

पास्टामॅन्सर मात्र पास्त्याचे मंत्र फेकतो. गंमत इथे जास्त. अडचण एवढीच की मंत्राला एमपी (मंत्रशक्तीचे गुण) लागतात आणि सुरुवातीला ते पटकन आटतात. त्यात रोज मिळणारे फेरे, म्हणजे खेळायच्या खेपा, ४०. खाण्यापिण्याने वाढतात खरे, तरी हरलेल्या लढाईत गेलेला फेरा जिवाला लागतो. सील क्लबरवर ही वेळ कमी येते.

तरीही मी पास्टामॅन्सरच घेईन. नुसता सोटा हाणायला इतर खेळ आहेतच की!