गावच्या इनडोअर हॉलला लाकडी फ्लोअर की सिंथेटिक मॅट?
बॅडमिंटनवाल्यांना लाकूड हवं, कबड्डी मंडळांना मॅट. खाली पोकळी असलेलं लाकूड गुडघ्यांना सोसतं खरं, पण कोकणातल्या पावसाळ्यात फुगतं. भिंतीलगत फट सोडली नसेल तर पट्ट्या मधोमध उचलल्या जातात. पत्रा गळला की संपलंच.

मॅट स्वस्त, तुकडा बदलता येतो. मात्र कोबा ओला असताना चिकटवली तर फुगे येतात. आधी प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून चोवीस तास ठेवा. खाली थेंब दिसले तर थांबा.

बॅडमिंटनला १३.४ बाय ६.१ मीटर, पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १०. दोन्ही खेळवायचे तर गुंडाळता येणारी मॅटच बरी. हॉल लग्नांनाही देणार असाल, तर लाकडाचं नावच काढू नका.