पट्टा तेवढा खरा होता

मी मूळची कोल्हापूरची. पायताणांची करकर ऐकत वाढले. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं डोळे मिटून ओळखेन, अशी घमेंड होती. ती इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये १४० युरोंना उतरली. म्हणजे साडेबारा हजार रुपये.

मे २०२४. सांता क्रोचे चर्चच्या आजूबाजूला चामड्याची दुकानंच दुकानं. एका दारातून "नमस्ते, नमस्ते" अशी हाक आली. तिथंच चालू लागायला हवं होतं, पण परमुलखात नमस्ते ऐकलं की आपण विरघळतो. बॅग तपकिरी, देखणी. किंमत २२० युरो. "चामडं सांता क्रोचेचं, झाडांच्या सालीत कमावलेलं," दुकानदार म्हणाला. चर्च समोरच दिसत होतं, त्यामुळे मी मान डोलावली. नंतर कळलं, चामडं कमावण्यासाठी नावाजलेलं ते सांता क्रोचे सुल्लार्नो नावाचं वेगळंच गाव. फ्लॉरेन्स आणि पिसाच्या मधे, आर्नोच्या काठावर.

मग त्यानं लायटर काढला. पट्टा ज्योतीवर क्षणभर धरला आणि माझ्या नाकाशी आणला. जळक्या केसांचा वास. अस्सल! पट्ट्यावर 'वेरा पेल्ले', म्हणजे खरं चामडं, असा ठसाही होता. नवरा म्हणाला, "अगं, सगळी बॅग बघ की." मी त्यालाच गप्प केलं. चामड्यातलं कोल्हापूरकरणीला शिकवतोय!

"रोख दिलेत तर १४०, फक्त पावती नाही." मी खूश. पावती असती तर ७० युरोंच्या वरची खरेदी म्हणून विमानतळावर कराचा काही भाग परत मिळाला असता, हे त्या क्षणी सुचलंच नाही. आणि तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार?

पुण्यातला पहिला पावसाळा बॅग कपाटातच होती. दुसऱ्यात कोपरे चिकट झाले, मग पापुद्रे सुटायला लागले, उन्हानं सोलवटलेल्या नाकासारखे. आमच्या चौकातल्या चांभारकाकांनी कडेला पातं लावलं आणि आतलं दाखवलं. वर प्लॅस्टिकचा पातळ थर, खाली चुरा दाबून केलेला पुठ्ठा. "ताई, हे रेक्झिनच म्हणायचं." खऱ्या चामड्याची कड कापली की तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात, बोटानं ओढले तरी सुटत नाहीत. इथे नखानं भुगा पडत होता.

इटलीत चामडं नसलेल्या मालाला 'पेल्ले' म्हणून विकायला बंदी आहे, ती १९६६ सालापासून. पण मुळात 'वेरा पेल्ले' एवढ्यावरून दर्जा कळत नाही. क्रोमियमच्या क्षारांत झटपट कमावलेलं हलकं चामडंही 'खरं चामडं'च असतं. सालीत कमावलेलं हवं असेल तर फ्लॉरेन्सच्याच टस्कनी प्रांतातल्या टॅनऱ्यांच्या, म्हणजे चामडं कमावणाऱ्या कारखान्यांच्या, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या संघाचं क्रमांक असलेलं प्रमाणपत्र वस्तूसोबत मागा. चेस्टनट, मिमोसा, केब्राचो या झाडांच्या टॅनिनमध्ये, म्हणजे तुरट अर्कात, ते चामडं आठवडेच्या आठवडे मुरतं, मग स्वस्त कसं मिळेल? त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरून डाग गडद होतो. नखाचा ओरखडा उठतो. माझ्या बॅगेवर पाणी थांबत नव्हतं, आणि मी त्याचंही कौतुकच केलं होतं.

हळहळ याची, की त्याच चर्चच्या मागे, मठाच्या आवारात, दुसऱ्या महायुद्धात अनाथ झालेल्या मुलांना हात देण्यासाठी फ्रान्सिस्कन साधूंनी १९५० मध्ये सुरू केलेली चामड्याची शाळा आहे. कारागीर तिथे समोर बसून काम करतात. आम्ही "शाळेत काय बघायचं" म्हणून पुढे गेलो.

चांभारकाकांनी बॅग परत देताना पट्टा दोन बोटांत दुमडून पाहिला. "हा मात्र चांगलाय हं. काढून देऊ?" तो आता माझ्या कापडी झोळीला लावलाय. खालच्या बाजूला लायटरचा काळा ठिपका अजून दिसतो.