माझाच कॉम्प्रेसर रंगवून मला ५८ हजारांना विकला

मागच्या चाकांना एअर सस्पेन्शन असलेली जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हे कृपया वाचा.

जुलैपासून आमची गाडी मुलुंडच्या सोसायटीत सकाळी मागून बसलेली दिसायची, डावीकडे जास्तच. सुरू केली की कॉम्प्रेसर, म्हणजे सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा पंप, घुरघुरायचा आणि जरा वेळाने मागची बाजू वर यायची. एके दिवशी तो चालूच झाला नाही. तशीच खड्ड्यांतून आपटत गाडी जवळच्या गॅरेजात नेली.

तिथल्या माणसाने लॅपटॉप जोडला, खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. "मॅडम, कॉम्प्रेसर जळाला. नवीन टाकावा लागेल, वर कोडिंग." ५८ हजार. संध्याकाळी गाडी सरळ उभी होती, म्हणून मीही पैसे देऊन टाकले. बिल म्हणून साध्या कागदावर आकडा मिळाला. जुना पार्ट मागितला, तर "तो कंपनीत परत जातो" म्हणाला.

नवव्या दिवशी गाडी पुन्हा बसली.

मग भावाच्या ओळखीने कुर्ल्याला, सीएसटी रोडवरच्या एका मेकॅनिककाकांकडे गेले. या गाड्यांना मागे लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराचे हवेचे बलून असतात. काकांनी त्यांवर साबणाचं पाणी मारलं. डाव्या बलूनच्या घडीतल्या बारीक भेगांतून लगेच फेस फुगायला लागला. रात्रभर तिथून हवा जायची. गाडी खाली आहे हे सेन्सरला कळलं की कॉम्प्रेसर हवा भरायचा, आणि सारखा चालून फार तापला की आपोआप बंद पडायचा. थंड झाला की परत चालू. गॅरेजात दिवसभर उभ्या गाडीत तेवढंच झालं होतं.

"आणि हा तुमचा नवीन कॉम्प्रेसर," म्हणत काकांनी टॉर्च मारला. काळा स्प्रे बाजूच्या वायरींवर आणि रबरी बुशांवरही उडालेला. बोल्टवरचा गंज जसाच्या तसा, पाना लागल्याची एकही खूण नाही. मी नखाने रंग खरवडला तर खाली जुनाच मळकट धातू. तिथेच मला रडू आलं.

दोन्ही बलून आणि रिले (कॉम्प्रेसरला वीज देणारा स्विच) बदलून काम २६ हजारांत झालं. तोच कॉम्प्रेसर अजून चालतोय.

गाडी रात्रीतून बसत असेल तर कॉम्प्रेसरचं नाव निघण्याआधी साबणाच्या पाण्याची तपासणी तुमच्यासमोर करायला लावा. तो अजिबात चालत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघायला सांगा. गाडी सोडण्यापूर्वी कॉम्प्रेसरच्या स्टिकरचा फोटो काढा, जुना पार्ट परत हवा हे आधीच बोलून घ्या, जीएसटीचं बिल सोडू नका. आणि बसलेल्या गाडीखाली स्वतः हात घालू नका, ती अचानक आणखी खाली येऊ शकते.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पक्कं बिल नाही, म्हणून यूपीआयची नोंद आणि फोटो गोळा करून ठेवलेत. गंजलेल्या बोल्टचा फोटो सगळ्यात वर आहे.