माळकरी आईचं ताट, मासेखाऊ मामाचं ताट आणि डायलिसिसमधला पीटीएच

आमच्या घरात पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होत जाण्याचा आजार, पिढीजात आहे. आईवडिलांपैकी एकाला असली की प्रत्येक मुलाला ती येण्याची शक्यता निम्मी. आजोबांकडून ती आई आणि मामा दोघांकडे आली आणि आता दोघंही डायलिसिसवर आहेत. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचं नावही काढायचं नाही. मामा रत्नागिरीचा, ताटात मासळी नसली की "आज कसला उपास?" विचारणारा. दोघांचाही पीटीएच वाढला तेव्हा नातेवाईकांनी आईला सांगितलं, माळ उतरव, अंडी खा, प्रोटीन हवं. मामाला सांगितलं, मासे सोड, शाकाहारी हो. सल्ला देणारी माणसं तीच, आठवडाही तोच! यातला कुठलाही सल्ला ज्यांच्या पुढ्यात आलाय, त्यांच्यासाठी ही दोन ताटं शेजारी शेजारी मांडते.

आधी पीटीएच म्हणजे काय, तेवढं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतून सुटणारं हार्मोन म्हणजे पीटीएच. रक्तातलं कॅल्शियम उतरू न देणं हे त्याचं काम. किडनी गेली की फॉस्फरस साचतो, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनेनासं होतं, कॅल्शियम घसरतं आणि ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतात. हाडं दुखणं, अंगाला खाज, रक्तवाहिन्या कडक होणं हे सगळं त्यामागून येतं. धडधाकट माणसाचा पीटीएचचा आकडा साधारण 15 ते 65 (मिलिलिटरमागे पिकोग्रॅम). डायलिसिसवर मात्र तो तिथे आणायचाच नसतो. लॅबच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट, म्हणजे ढोबळमानाने 130 ते 600, यात ठेवतात. फार खाली गेला तर हाडांची झीज-भर थंडावते, तेही वाईटच. त्यामुळे रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय' दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. मागच्या दोन-तीन रिपोर्टांच्या तुलनेत आकडा कुठे चाललाय ते बघायचं.

खाण्याचा पीटीएचशी संबंध येतो तो मुख्यतः फॉस्फरसमधून. आणि फॉस्फरस प्रोटीनला चिकटूनच येतो, अडचण तिथे आहे. डायलिसिसवर प्रोटीन तोडून चालत नाही. किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम लागतं, म्हणजे 55 किलोच्या आईला 55 ते 66 ग्रॅम. फॉस्फरस मात्र 800 ते 1000 मिलिग्रॅममध्ये बसवायचा. तेव्हा शाकाहारी की मांसाहारी, यापेक्षा एक ग्रॅम प्रोटीनबरोबर किती फॉस्फरस पदरात पडतो हे विचारलेलं बरं. ढोबळ आकडे असे:

अंड्याचा पांढरा भाग: 1 ते 2 मिलिग्रॅम
चिकन: 7 ते 8
सुरमईसारखा मासा: 10 च्या आसपास
अख्खं अंडं: 14
तूर, मूग डाळ: 15 च्या आसपास
दूध: 28

एवढं वाचून मामा जिंकला असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण डाळीतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि तो सोडवायचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे डाळ-धान्यातला साधारण 30 ते 50 टक्केच अंगी लागतो, मांस-दुधातला 40 ते 60 टक्के. म्हणजे डाळ आणि चिकन कागदावर दिसतात तेवढे लांब राहत नाहीत. अमेरिकेत इंडियानामध्ये याचा एक छोटा प्रयोग झाला, 2011 साली प्रसिद्ध झाला. फॉस्फरसचं माप तेच ठेवून आठवडाभर शाकाहार आणि आठवडाभर मांसाहार दिला, तर शाकाहारावर रक्तातला फॉस्फरस कमी निघाला. पेशंट मात्र नऊच, आणि तेही डायलिसिसपर्यंत न पोचलेले. तेव्हा त्याच्या जोरावर मामाचे मासे बंद करायला मी तरी धजावणार नाही.

यात आमच्या स्वयंपाकघराने आणखी एक गुंता केलाय. मोड आणले, पीठ आंबवलं की फायटेट सुटायला लागतं. एरवी ते पौष्टिक म्हणून आपण कौतुक करतो, पण इथे त्याचा अर्थ फॉस्फरस जास्त शोषला जाणार असा होतो. म्हणून आईची मटकीची उसळ मी बंद केली नाही, पण रोजची आठवड्यातून एकदा केली. डाळ भिजवून ते पाणी टाकते, शिजवताना पाणी जास्त घालून वरचं ओतून देते. फॉस्फरस थोडा जातो, पोटॅशियम बरंच जातं. चवही जाते, हे आई दर वेळी सांगते.

आईच्या ताटाची खरी दुखरी जागा डाळ नाही, एकादशी आहे. साबुदाण्याच्या खिचडीत मूठभर दाण्याचं कूट, सोबत बटाट्याची भाजी, वर ताक, संध्याकाळी शेंगदाण्याची आमटी. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेतीनशेच्या वर मिलिग्रॅम फॉस्फरस आणि त्याच्या जवळपास दुप्पट पोटॅशियम. वर त्या दिवशी "उपास आहे" म्हणून ती जेवणासोबतची बाइंडरची, म्हणजे अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी, गोळीच घेत नसे. महिन्यातून दोनदा! आता भगर, चिरून उकळून पाणी टाकलेला बटाटा आणि कूट चमचाभर. गोळी फराळाबरोबर. "औषधाला उपास नसतो," हे तिला मी शंभरदा सांगितलं, पण पटलं ते कीर्तनातल्या बुवांनी सांगितल्यावर.

मामाच्या ताटाची दुखरी जागा सुरमई नाही, सुकट आणि मांदेली. लहान मासा काट्यासकट चावून खाल्ला की हाडातला फॉस्फरसही पोटात जातो. सुक्या मासळीत मीठ असतं, मिठाने तहान लागते आणि दोन डायलिसिसमध्ये वजन तीन-चार किलोंनी वाढतं. मोठ्या माशाच्या तुकडीचा नुसता गर खाल्ला तर प्रोटीनच्या मानाने सौदा चांगला. सोलकढी मात्र आटोक्यात, नारळाच्या दुधात पोटॅशियम आहे. आणि कमरख, कोकणात ज्याला करमळ म्हणतात, ते कुठल्याच ताटात नको, लोणच्याची फोडसुद्धा नको. किडनी निकामी असलेल्यांना त्याने उचकी, गोंधळ, फिट येऊन जीव गेल्याच्या नोंदी आहेत.

आता ज्याच्यावर दोघांचे सल्लागार गप्प होते ते तिसरं ताट, पाकिटातलं. कारखान्यात घातलेलं फॉस्फेट कशालाच बांधलेलं नसतं, 90 टक्क्यांच्या वर शोषलं जातं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात 338 ते 341 किंवा 450 ते 452 हे फॉस्फेटचे क्रमांक शोधा. कोलामध्ये 338, चीजच्या चकत्यांत 339 किंवा 452, नूडल्समध्ये बरेचदा 451. आईला भेटायला आलेल्या शेजारणीने शक्तीची पावडर आणली होती, दुधातून घ्यायची. घटकांत कॅल्शियम फॉस्फेट! दूध अधिक फॉस्फेट, प्रेमाने दिलेलं. ओहायोत 279 डायलिसिस पेशंटांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये आला. त्यातल्या एका गटाला फक्त अशी पाकिटं ओळखून टाळायला शिकवलं. तीन महिन्यांत त्यांचा फॉस्फरस दुसऱ्या गटापेक्षा डेसिलिटरमागे 0.6 मिलिग्रॅमने जास्त उतरला. डाळही न सोडता, मासेही न सोडता.

तरीही नुसत्या पथ्याने हिशेब जुळत नाही, तो करून बघा. दिवसाला 900 मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला 6300. निम्म्याहून थोडा जास्त शोषला तर साडेतीन हजारांच्या आसपास. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये 800 च्या आसपास निघतो. आठवड्यातून दोनदाच होत असेल, जसं आपल्याकडे पैशापायी अनेकांचं होतं, तर 1600 गेले आणि 1900 राहिले. कॅल्शियम अॅसिटेट या बाइंडरची 667 मिलिग्रॅमची गोळी साधारण 30 मिलिग्रॅम फॉस्फरस बांधते, म्हणजे रोज नऊ गोळ्या. तिसरं डायलिसिस झालं तर पाचावर भागतं. मामाचं तीनदा होतं, आईचं दोनदा. दोघांच्या रिपोर्टमधला फरक माशांवर ढकलण्याआधी हे बघायला हवं होतं, आणि ते आम्ही फार उशिरा बघितलं. कॅल्शियमच्या गोळ्या वाढवत नेल्या तर रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायची भीती, म्हणून डॉक्टर सेव्हेलॅमर या बिनकॅल्शियमच्या बाइंडरकडे वळतात. ती महाग. कुठलीही असो, गोळी घासाबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी ती बांधणार कशाला?

भीतीपोटी दोन्ही ताटं अर्धी करणं हा चौथा मार्ग, आणि तो सगळ्यात वाईट. अमेरिकेतल्या तीस हजारांवर पेशंटांच्या 2008 च्या अभ्यासात फॉस्फरस उतरला पण प्रोटीन वाढलं, ते सगळ्यात जास्त तगले. दोन्ही उतरलेल्यांत मृत्यू जास्त होते. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) घसरतंय आणि फॉस्फरस सुधारतोय, असा रिपोर्ट आला तर पेढे वाटू नका.

मग निवडायचं काय? तुम्ही शाकाहारी असाल, अल्ब्युमिन डेसिलिटरमागे 4 ग्रॅमच्या जवळ असेल, तर ताट बदलायची गरज मला दिसत नाही. दुधाचा ग्लास कमी करा, त्याऐवजी घरचं पनीर. पाकिटं बंद करा आणि पोटॅशियमवर डोळा ठेवा. अल्ब्युमिन घसरत असेल आणि श्रद्धेची आडकाठी नसेल, तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं स्वस्त आणि चोख दुसरं काही नाही. मासे-चिकन खाणारे असाल तर शाकाहारी होऊन पीटीएच उतरेल या आशेवर राहू नका. सुकट, कलेजी आणि रश्श्यातलं मीठ कमी करा. कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, औषध म्हणून सुरू असेल तर दोघांनीही जास्त जपायचं, कारण ते आतड्यातून फॉस्फरसही जास्त ओढतं.

ताटाची मर्यादाही असते. फॉस्फरस काही आठवड्यांत हलतो, पीटीएचला महिने लागतात. वर्षानुवर्षं ताण सोसून ग्रंथी फुगली, तिच्यात गाठी झाल्या की ती कॅल्शियमचं आणि ड जीवनसत्त्वाचं ऐकेनाशी होते. तिथे सिनाकॅल्सेटसारखं औषध किंवा ऑपरेशन हाच विषय, आणि घरच्यांनी पथ्य मोडलं म्हणून पेशंटला बोलू नये. मामाचा आकडा आठशेच्या वर जाऊन तिथेच थांबला, कॅल्शियमही चढलं, तेव्हा मामी रोज माशांवरून त्याला टोचायची. ग्रंथीच्या स्कॅननंतर टोचणं थांबलं. ऑपरेशनची तारीख ठरलीय. परवा फोनवर म्हणाला, "बाय, तोवर मांदेली नको ना? बरं. पापलेट?"

पापलेट चालेल म्हटलं. एक तुकडी, गोळीबरोबर.