कोकरू आईमागं, बाटलीवर की कोपऱ्यात भरडा ठेवून?

मागच्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या अंतरानं आमची दोन कोकरं गेली, दोन्ही दीड महिन्याची. एक जुळ्यातलं, बाटलीवरचं, पोट फुगून मेलं. दुसरं कळपातलं, त्याला कुत्र्यांनी धरलं. डॉक्टरांनी दोघांचंही कोठीपोट, म्हणजे चार पोटांतलं पहिलं, चारा आंबवणारं पोट, उघडून दाखवलं. बाटलीवाल्याचं लहान, पांढुरकं, आतून हात घसरेल इतकं गुळगुळीत, आणि आंबट दुधाचा भपकारा. कळपातल्याचं तपकिरी, आतून टॉवेलासारखं लवदार, त्यात गवताच्या काड्या.

जन्मतः कोकराचं चौथं, म्हणजे खरं पोट सगळ्यांत मोठं असतं. कोकरू चोखायला लागलं की अन्ननळीच्या टोकाची खाच मिटते आणि दूध कोठीपोट टाळून थेट तिथं जातं. म्हणून पहिले 3 आठवडे ते रवंथ करणारं जनावर नसतंच; तिथून साधारण 8 आठवड्यांपर्यंत बदल चालतो. दुधावर कोकराचं वजन वाढतं, कोठीपोट वाढत नाही. दाणा पोटात आंबतो, त्यातल्या आम्लांनी लव फुटते. चाऱ्याच्या भरडपणानं पोटाचा आकार आणि स्नायू वाढतात. नुसता दाणा दिला तर लव एकमेकींना चिकटते. दोन्ही लागतं.

आता बीड-धाराशिवकडच्या फिरत्या कळपाची रीत घ्या. मेंढ्या दिवसभर चरायला, कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, सकाळ-संध्याकाळ आईला पितात. खर्च शून्य, चीक वेळेवर. आईच्या चाटण्यातून, लाळेतून, मेंढवाड्यातल्या लेंड्यांतून पोटातले जंतू आपोआप मिळतात. मोठ्या जनावराचा सहवास नसेल तर त्यातले काही जंतू कोकराला मिळतच नाहीत. कमतरता एवढीच, की दख्खनी मेंढीला दूध बेताचं. उन्हाळ्यात रानात काही नसलं की ते आणखी आटतं, आणि वाघरीत दिवसभर उपाशी कोकरू माती चाटत बसतं.

बाटली ही निवड नव्हे, अडचण आहे. आई मेली, जुळं झालं, सड बंद पडला, तर. इथं चिकाला तोड नाही. जन्मल्यावर तासाभरात, किलोमागे 50 मिली, म्हणजे 3 किलोच्या कोकराला 150 मिली. पहिल्या 24 तासांत एकूण 600 मिलीच्या आसपास. त्यानंतर आतड्याची दारं बंद होतात, चिकातली रोगाशी लढायची ताकद रक्तात जात नाही. आईचा नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक द्या. धनगर कळपात चार शेळ्या पाळतात, त्या काही उगाच नाहीत.

पुढच्या दुधासाठी शेळी बरी, ती कळपातच असते. मेंढीच्या दुधात 7 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, शेळीच्या आणि गाईच्या दुधात 4 च्या आत-बाहेर. त्यामुळे त्या दुधावरचं कोकरू आईमागच्यापेक्षा थोडं मागं राहतं. दूध थोडं थोडं, दिवसातून 4 वेळा, आणि बाटली आईच्या कासेच्या उंचीवर धरायची. माझी चूक इथंच झाली. कामाच्या गडबडीत वाटीत ओतून दिलं. घटाघटा पिताना खाच नीट मिटत नाही, दूध कोठीपोटात सांडतं आणि तिथं सडतं. शिवाय ते पोर घरच्या पडवीत एकटं वाढलं, ना मेंढीचा सहवास, ना तोंडात काडी. बाटलीवरचं कोकरू असलं तरी दिवसा ते वाड्यातच सोडा.

तिसरी रीत म्हणजे आईजवळ ठेवून, कोकरंच शिरतील अशा दांड्यांच्या आडोशात भरडा. मी आता हीच वापरतो. सुरुवात 10-12 व्या दिवशी, चिमूटभर. मका भरडा 55, शेंगदाणा पेंड 22, गव्हाचा कोंडा 20, खनिज मिश्रण 2, मीठ 1 किलो. पेंड बुरशीची नको. सरकी पेंड आणि युरिया लहान कोकराला देऊच नका, या वयात सोसत नाही. सोबत शेवरीचा कोवळा पाला किंवा तुरीचं भुसकट टांगून ठेवा. जमिनीवर टाकलं तर त्यावर मुततात आणि तोंड लावत नाहीत. पाणी रोज ताजं. शिळा भरडा मोठ्या मेंढ्यांना खायला घाला. एवढी कटकट आहे, आणि पेंडीचा भाव बघता खर्चही आहे.

म्हणून ठरवताना आपला धंदा बघा. वर्षातले आठ महिने कळप फिरता असेल तर आडोसा कुठं नेणार? मग आईमागंच ठेवा, फक्त वाघरीत पाला बांधत जा. बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त असाल, कोकरं ईदच्या बाजाराला लवकर वजनात आणायची असतील, तर तिसरी रीत पैसे वसूल करते.

दूध तोडायचं ते तारखेवर नको. रोज सलग 200-250 ग्रॅम भरडा खातंय का बघा. आडोशातली कोकरं दोन महिन्यांच्या सुमारास तिथं पोचतात, नुसती आईमागची तीन महिन्यांपर्यंत ठेवावी लागतात. तोडताना आईला हलवा, कोकराला नाही. आणि त्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या, कारण एकदम दाण्यावर आलेलं, सगळ्यांत गुबगुबीत कोकरूच त्या रोगानं रातोरात जातं.