उतारावरच्या बागेतील उथळ भूजलासाठी 'सागा वेटनेस इंडेक्स': वापरानंतरचा अभिप्राय

नागपूर जिल्ह्यात काटोलकडे टेकडीच्या उतारावर आमची संत्र्याची बाग आहे. तिथे पाणी कुठे वर येते आणि कुठे खोल जाते, याचा अंदाज घेण्यासाठी मी 'सागा' या मोफत संगणकप्रणालीतील ओलावा निर्देशांक वापरला. बेव्हन आणि कर्कबी यांनी १९७९ साली मांडलेल्या मूळ निर्देशांकाचे तत्त्व सोपे आहे: एखाद्या जागेकडे वरच्या जितक्या अधिक क्षेत्राचे पाणी उतरते आणि तिथला उतार जितका कमी, तितकी ती जागा ओली. सखल, सपाट भागात मात्र हे गणित ओलावा नाल्याच्या बारीक रेषेपुरताच दाखवते. सागाचे सुधारित गणित तो दोन्ही काठांच्या पट्ट्यात पसरवते, आणि पावसाळ्यानंतर वावरात दिसतेही तसेच. खालच्या धुऱ्यालगत नकाशाने गडद दाखवलेल्या पट्ट्यातच आमची डिंक्याने (ओलाव्यात बळावणाऱ्या, खोडातून डिंक गळण्याच्या रोगाने) ग्रासलेली झाडे अधिक आहेत. ऑक्टोबरात तिथे हातभर खड्डा खणला की तळाशी पाणी पाझरू लागते. निचऱ्याचा चर कुठून काढायचा हे ठरवायला एवढी माहितीही फार मोलाची आहे.

परंतु हा निर्देशांक म्हणजे पाण्याची खोली नव्हे. मीटरमधली खोली हवी असेल, तर आसपासच्या विहिरींची पातळी मोजून, प्रत्येक मापातून कठड्याची उंची वजा करून, त्या आकड्यांशी निर्देशांकाचे नाते बसवावे लागते. पावसाळा संपताना हे नाते बरे जुळते, मे महिन्यात विस्कटते. भूजलाची पातळी जमिनीच्या उताराला समांतर असते, हे या पद्धतीचे गृहीतक आहे; उन्हाळ्यात पाणी मुरमाखालच्या बेसाल्टमध्ये उतरले, की ते टेकडीच्या आकारापेक्षा खडकातील भेगांच्या वाटेने जाते. शिवाय काळी भारी जमीन आणि मुरमाड बरड यांतला फरक निर्देशांकाला कळत नाही. त्यासाठी मातीचा नकाशा सोबत घ्यावाच लागतो.

हा निर्देशांक जमिनीच्या उंचीच्या नकाशावरून काढला जातो, म्हणून ती उंचीची माहितीही पारखून घ्यावी. २००० सालच्या अंतराळ मोहिमेतून मिळालेल्या एसआरटीएम नकाशाचा एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा असतो. त्यात बांध आणि चर दिसत नाहीत. संपूर्ण पाणलोटासाठी तो पुरेसा आहे, दोन-तीन एकरांच्या बागेसाठी मात्र लेव्हल (उंचीतला फरक मोजण्याचे उपकरण) लावून मोजणी करणे मला आवश्यक वाटते. निचरा आणि लागवडीच्या नियोजनासाठी मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. विहिरीची किंवा बोअरची जागा केवळ त्यावरून ठरवू नये.